दुय्यम प्रत

अक्कलकोट रोड, एमआयडीसी, शेड नंबर चौतीस.
खाली टॉवेलचे माग, वर पत्र्याखाली ऑफिस,
आणि जिन्याखाली, जिथं पूर्वी सुताचे कोन रचायचे,
तिथं सर्व्हर.
कुलूप आहे. किल्ली खिळ्याला,
कुलपाशेजारीच.

बाहेर त्रेचाळीस. आत पंखा आपला
या कोपऱ्यातली गरम हवा त्या कोपऱ्यात नेऊन ठेवतो.
पडद्यावर तीन गोल, एकच भरायचा:
प्राथमिक, दुय्यम, की स्टब.

पुण्याहून देवस्थळी सर:
"निलोफर, स्टब टाक आणि नीघ. हलकं असतं."
हलकं असतं, खरंय.
स्टबला कुणाचाच पत्ता ठाऊक नसतो,
पत्ता कुणाला ठाऊक आहे, तेवढं ठाऊक असतं.
चौकातल्या पानवाल्यासारखा:
"मला न्हाई बा म्हाईत, त्या पिठाच्या गिरणीत इचारा."
आणि गिरणीकडचा रस्ताच खणलेला असला तर?
गेल्या महिन्यात ड्रेनेजच्या जेसीबीनं केबल उपसली,
भुईमुगाचा वेल उपसावा तशी, मातीसकट,
आणि साडेतीन दिवस
या खोलीतला प्रिंटर, चार फुटांवरचा,
कुणाला सापडत नव्हता.

मग प्राथमिक?
म्हणजे वही इथली, लेखणीही इथली.
खिळ्यावरच्या किल्लीच्या भरवशावर
कुणीही यावं, 'हिशेब' या नावापुढं
भलताच पत्ता लिहून जावं,
आणि अख्ख्या कंपनीनं तिकडं निमूट चालू पडावं.
नको.

राजमल्लू चिप्पा चहा घेऊन येतात.
टाइमकीपर. निवृत्तीला सहा वर्षं झाली,
सकाळी आठला येतातच.
"काय करायलाव मॅडम?"
नावावरून पत्ता सांगणारं काहीतरी, मी म्हणते.
ते खिशातून वही काढतात, मेणकापडाची,
घामानं वाकलेली.
पूर्वभागातले सगळे माग तिच्यात:
गुंडेटी अंबुबाई, घोंगडे वस्ती, दुसरा बोळ, निळं दार.
येमूल सिद्राम, नळापाशी, जिन्यानं वर.
नावं तेलुगूत, पत्ते मराठीत.

"ह्ये माझं न्हाई. मोठ्या रजिस्टरातून उतरवलेलं.
दर शनिवारी मिळवून बघायचो.
तिथं बदललं तर हितं बदलायचं,
मनानं एक अक्षर न्हाई."
आणि रजिस्टर?
"गेलं की. कारखाना विकला तवा, रद्दीत. किलोवर."

मी पानं उलटते. निळं दार केव्हाच गेलं असणार.
अंबुबाईसुद्धा.
दुय्यम प्रतीला मुदत असते, मी त्यांना सांगते,
तेवढ्या दिवसांत मूळ प्रतीची गाठ पडली नाही
तर ती तोंड मिटते.
चुकीचं सांगण्यापेक्षा गप्प बसते.
चिप्पा बशीतला चहा फुंकतात.
"मी सांगतो. आदी म्हनतो, जुनं हाय ह्ये,
मग सांगतो."

मधला गोल भरते. दुय्यम.
सरांना फोन: मुदत तुमच्याकडून ठरते, चार आठवडे करा.
"एक आठवडा पुरे आहे."
सर, तुम्ही इथला रस्ता बघितलाय का?
पलीकडं शांतता. मग कळफलकाचा आवाज.

नावं उतरू लागतात, ओळीवर ओळ,
खालच्या मागाच्या तालात, किंवा मला तसं वाटतं.
अनुक्रमांक जुळतो.
चार फुटांवरचा प्रिंटर दचकून जागा होतो
आणि एक कोरं पान बाहेर टाकतो.

चिप्पा ते उचलतात, कोपरा फाडतात,
खिळ्यावरची किल्ली बंडीच्या आतल्या खिशात घालतात
आणि तिच्या जागी चिठ्ठी टोचतात:
किल्ली चिप्पाकडं. इचारा.

"म्हणजे स्टब नाहीच टाकलास?" सर विचारतात.
टाकला, मी म्हणते. एक.
खिळ्यावर.